बागवेड्याने राहावे कुठे?

गेल्या मे महिन्यात पुण्याहून माझे मेहुणे चार दिवसांसाठी अमरावतीस आले आणि जाताना आमच्या घरात एक वाद ठेवून गेले. दुपारचे चार वाजले होते. कूलरची घरघर चालू होती, खिडकीला ओला पडदा लावला होता, तरी मेहुणे पंचाने मान पुसून पुसून हैराण झाले होते. अखेर त्यांना राहवेना. ते म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला बागेची एवढी हौस, आणि जागा निवडलीत ती ही भट्टी! बागवेड्या माणसाने वऱ्हाडात राहायचं म्हणजे पोहणाऱ्याने वाळवंटात राहण्यासारखं झालं."

जागा मी निवडली नव्हती, नोकरीने निवडली होती, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. कारण त्यांच्या बोलण्यामागे एक योजना होती. त्यांच्याच इमारतीत एक फ्लॅट विकाऊ होता. आम्ही साठवलेल्या पैशांत थोडे कर्ज घातले की तो आमचा होणार. दोन वर्षांनी मुलगी कॉलेजात जाईल, तेव्हा ती आणि तिची आई पुण्यास राहतील. मी निवृत्त झाल्यावर मागाहून जावे. फ्लॅटला सज्जा होता, सज्जात वीस कुंड्या मावत होत्या, आणि पुण्याची हवा काय वर्णावी!

इकडे आमच्या मनात त्याच पैशांत अमरावतीत, विद्यापीठाच्या अंगाला, दीड हजार चौरस फुटांचा एक प्लॉट घ्यावा असे घाटत होते. पैसा एकच, मार्ग दोन. मेहुणे गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, दिवाळीपर्यंत काय ते ठरवा. आणि कृपा करून या विषयावर निबंध लिहू नका!"

मराठीचा प्राध्यापक दुसरे काय करणार? निबंध लिहितोच आहे. पण ठरवलेही आहे. आणि ते कसे ठरले तेच सांगणार आहे.

स्वप्नातल्या बागा

बागेची हौस असलेल्या प्रत्येकाच्या मनात एक दुसरे गाव असते. आपल्या अंगणात जे झाड मरते, ते त्या गावात हमखास जगते.

माझे पहिले असे गाव कोकणात होते. शंभर-सव्वाशे इंच पाऊस, लाल माती, नारळी-पोफळी, भिंतीवरसुद्धा उगवणारे नेचे! एका उन्हाळ्यात रत्नागिरीकडे एका स्नेह्यांच्या घरी राहिलो तेव्हा मात्र निराळेच दृश्य दिसले. विहिरीचा तळ उघडा पडला होता आणि घरातली मंडळी कळशी-कळशीचा हिशेब करीत होती. जांभा दगड पावसाचे पाणी घेतो खरे, पण धरून ठेवीत नाही. ते उतारावरून समुद्राला जाऊन मिळते. सव्वाशे इंच पाऊस पडूनही मे महिन्यात जास्वंद सुकते, हे मला त्या दिवशी कळले.

दुसरे गाव बंगळूर. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, बारा महिने सुखाची हवा, हैदर अलीच्या काळापासूनचे लालबाग. उद्यानांचे शहर हे बिरुदच त्याला मिळालेले. पण २०२४ सालच्या मार्चमध्ये त्याच शहरात पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई झाली आणि मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला. बातमी वाचून मी वर्तमानपत्र खाली ठेवले. उद्यानांच्या शहरात झाडाला पाणी घालणे हा गुन्हा व्हावा, यापरता दैवदुर्विलास कोणता?

मग उरले आमचे चिखलदरा. घरापासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवर, सुमारे १,१०० मीटर उंचीवर, मेळघाटच्या अरण्यात. खाली परतवाड्यास अंगाची लाही होत असावी आणि घाट चढून वर जावे तो गार वारा लागावा. तिथे कॉफीसुद्धा पिकते. महाराष्ट्रात कॉफीची झाडे पाहावयाची तर चिखलदऱ्यासच जावे लागते. मी प्रत्येक सहलीत तिथे मनातल्या मनात एक बंगला बांधतो आणि परतीच्या घाटात तो पाडून टाकतो. तिथे आमचे कॉलेज नाही, मुलीची शाळा नाही, आणि आईला डॉक्टरकडे न्यायचे तर घाट उतरावा लागणार. बाग माणसांच्या संसाराला लागून असावी. संसार सोडून बागेजवळ जायचे ते ऋषींनी.

पाणी पाहून झाड

माझ्या या हौसेचे मूळ मात्र हिरव्यागार गावात नाही, अगदी उलट्या ठिकाणी आहे. माझे बालपण दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा जो खारपाण पट्टा आहे, त्यात आमचे गाव येते. वर काळीभोर, सुपीक दिसणारी जमीन. खाली खारट पाणी. विहीर खणली तर पाणी लागते, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याचे गोडे पाणी दुरून आणावे लागे. आई आणि मोठी बहीण डोक्यावर गुंडावर गुंड चढवून ते आणीत.

अशा गावात बाग कोण करणार? आमच्या अंगणात एक कडुलिंब, कुंपणाला एक बोर आणि वृंदावनात तुळस, एवढीच काय ती हिरवळ. कडुलिंब आणि बोर यांची मुळे आपले आपण पाहत. तुळशीला मात्र आई रोज गोडे पाणी घाली, एक तांब्या. तो तांब्या ती स्वतःच्या वाट्यातून काढी, हे मला फार उशिरा समजले.

मामाचे गाव अंजनगाव सुर्जी. अंतर म्हणाल तर फार नव्हे. पण सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकले की पाणी गोडे होते आणि सृष्टीच पालटते. मामाच्या गावचे पानमळे प्रसिद्ध. शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत वर चढत गेलेले विड्याच्या पानांचे वेल, त्यांच्या खाली ओलसर अंधार, आणि कुठे कुठे पानपिंपरीचे ताटवे. भर उन्हाळ्यात त्या मळ्यात शिरले की अंगावर कोणी ओला पंचा टाकल्यासारखे वाटे. नऊ वर्षांचा असताना मी मामाकडून गुलाबाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, अंगणात लावली आणि विहिरीचे पाणी घालून घालून पंधरा दिवसांत मारली.

मी रडू लागलो तेव्हा आई म्हणाली, "पाणी पाहून झाड लावा लागते, राजा."

त्या वेळी मला त्या वाक्याचा राग आला होता. पुढे दोन शहरांत बिऱ्हाडे केली, शेकडो रोपे लावली, निम्मी मारली, तेव्हा कुठे त्या सहा शब्दांचा अर्थ लागला.

कूलरचे पाणी

२००७ साली मला अकोल्यास नोकरी लागली आणि शहराच्या उत्तरेस, अकोटच्या वाटेवरच्या एका नव्या वस्तीत आम्ही बिऱ्हाड केले. घरापुढे दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब मोकळी जमीन होती. घरमालकांनी "काही लावा, हरकत नाही," असे म्हणताच मी बारा गुलाब आणून लावले. नऊ वर्षांच्या मुलाचे देणे फेडायचे होते!

काळ्या मातीचा स्वभाव मला लहानपणापासून ठाऊक असायला हवा होता. पण शेतातली माती आणि अंगणातली माती यांचे नाते हौशी माणसाच्या ध्यानात येत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात चपलेला मणभर चिकटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. घरांच्या भिंतींना तडे जातात ते तिच्यामुळेच. मग गुलाबाच्या नाजूक मुळांची काय कथा? जुलैत वाफ्यात पाणी साचून तीन गुलाब पिवळे पडले आणि गेले. उरलेल्या नऊंनी मात्र हिवाळ्यात असा बहार धरला की, शेजारच्या बायका हळदीकुंकवाला फुले मागावयास येऊ लागल्या. वर्गात बालकवी शिकवावेत आणि घरी येऊन गुलाब मोजावेत, असे ते दिवस होते.

मग उन्हाळा आला. अकोल्याच्या उन्हाळ्याविषयी अकोलेकर अभिमानाने बोलतात, तसे बोलण्याचा अधिकार मलाही सात उन्हाळे काढून मिळालेला आहे. मे महिन्यात ४४-४५ अंश ही नित्याची गोष्ट. २०२० च्या मे महिन्यात तर पारा ४७ च्या पुढे गेला होता. शहराला पाणी काटेपूर्णेवरच्या महान धरणातून येते आणि पाऊस कमी झाला की नळ दिवसांआड, मग चार-पाच दिवसांआड सुटतो. त्यावर उपाय म्हणून घरोघर बोअर; आणि आमच्या बोअरचे पाणी खारे.

मी एक युक्ती काढली. कूलरच्या टाकीत बोअरचे पाणी असे. ते चार-पाच दिवसांनी बदलावे लागे. ते गटारात सोडण्याऐवजी गुलाबांना घालावे! मला स्वतःच्या काटकसरीचे फार कौतुक वाटले. तीन आठवड्यांत पानांच्या कडा जळल्या, मातीवर पांढरी खपली धरली, आणि वाफा असा टणक झाला की खुरपे लागेना. बारातले उरलेले नऊही गेले.

कृषी विद्यापीठातले एक स्नेही संध्याकाळी फिरत आले होते. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे ते विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे, आणि खारपाण पट्ट्याचा अभ्यास हे त्याचे एक मोठे काम. स्नेह्यांनी मातीची ढेप हातात घेतली, कूलरकडे पाहिले आणि ते हसले. म्हणाले, "सर, कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून. वाफ होते ती निव्वळ पाण्याची. मीठ टाकीतच उरतं. पाच दिवस टाकीत पाणी भरत राहिलात, म्हणजे पाच दिवसांचं मीठ एका बादलीत गोळा केलंत आणि ते गुलाबाला पाजलंत."

पुढे त्यांनी मातीचेही समजावून सांगितले. खाऱ्या पाण्यातले सोडियम चिकणमातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवते. मग ती ओली असताना लोणी आणि वाळल्यावर वीट होते. शेतकरी तिला चोपण म्हणतात. उपाय जिप्समचा. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावते, आणि हुसकावलेले सोडियम धुऊन न्यायला वरून गोडे पाणी लागते. म्हणजे पुन्हा पाऊसच. "औषध दुकानात मिळेल, सर," ते म्हणाले, "पण पथ्य आभाळाकडून आणावं लागेल."

एका रात्रीची गोष्ट

यानंतर मी जे केले ते सांगावयास आजही संकोच वाटतो. पण विषयाचा गाभा तिथेच आहे.

गुलाबांचे दुःख मला सोडवेना. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा सहा लावले आणि ठरवले की यांना नळाचेच गोडे पाणी घालायचे. पाचव्या दिवशी रात्री अकराला नळ आला. आमचे घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे पाण्याला जोर. घरातली भांडी भरून झाली होती. मी नळी लावली आणि चांगली वीस मिनिटे गुलाबांना न्हाऊ घातले. ओल्या मातीचा वास सुटला. मी अगदी प्रसन्न चित्ताने झोपलो.

सकाळी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकूंची नात दारात उभी. हातात स्टीलची चरवी. "सर, आजीनं पाणी मांगतलं. रात्री आमच्याकडे दोनच गुंड आलं."

मी चरवी भरून दिली. पत्नीने एक बादलीही पाठवली. काकूंनी पुढे कधी त्याचा उल्लेख केला नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या फाटकाशी थांबल्या, ओल्या वाफ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "झाडाचा काही गुन्हा नाही, सर. पण या गल्लीत गुलाब कायले लावता? मोगरा लावा. थो ऊन खाऊन फुलते."

आईचा गोड्या पाण्याचा तांब्या मला त्या क्षणी आठवला. आई तुळशीला स्वतःच्या वाट्याचे पाणी देत होती आणि मी गुलाबाला दुसऱ्याच्या वाट्याचे. दोन्ही बाजूंना झाडावरची माया सारखीच. पण एक बाग होती आणि दुसरी चोरी.

काकू शाळेत फार शिकल्या नव्हत्या, परंतु उरलेली पाच वर्षे बागेच्या बाबतीत त्याच माझ्या गुरू झाल्या. मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. मडके पाझरते आणि मुळांना घोट घोट मिळते, उन्हाला काही मिळत नाही. आळ्यावर सोयाबीनचे कुटार चांगले वीतभर पसरावे. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत जमवावे. त्यावर मोगरा, तगर, कण्हेर, मधुमालती, शेवगा, गोडलिंब एवढी मंडळी आनंदाने राहिली. ज्या मे महिन्यात गुलाब मान टाकतो, त्याच मे महिन्यात मोगऱ्याला बहर येतो. ऊन हा आमचा शत्रू नव्हता. आमची निवड चुकली होती.

उंबरांचे गाव

२०१४ साली माझी नेमणूक अमरावतीच्या कॉलेजात झाली. भाड्याच्या घरातून निघताना कपाटे नेता येतात, झाडे नेता येत नाहीत. मोगऱ्याच्या दोन फांद्या काकूंनी आधीच दाब देऊन आपल्या अंगणात नेल्या होत्या. बाकी सारे तिथेच सोडले.

अमरावतीचे जुने नाव उदुंबरावती. त्याचे प्राकृतात उंबरावती झाले आणि पुढे झिजत झिजत आजचे रूप आले, असे सांगतात. नावावरून लोकांना इंद्राची नगरी आठवते. मला उंबराचे झाड आठवते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूमिगत पाणी ओळखण्याचे एक प्रकरणच आहे, आणि त्यात पाण्याची खूण म्हणून सांगितलेल्या झाडांत उंबरही आहे. आमच्याकडचे जुने शेतकरीही उंबर पाहून विहिरीची जागा धरीत. ज्या शहराचे नावच पाण्याच्या खुणेवरून पडले, तिथे बाग करावयास काय हरकत आहे?

अकोला आणि अमरावती यांत अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण बागेच्या दृष्टीने फरक मोठा. शहराच्या पूर्वेस पोहऱ्याच्या टेकड्या. त्या बाजूची जमीन उथळ आणि मुरमाड. पाणी साचत नाही, भेगा पडत नाहीत. इंग्रजी अमदानीतले वडाळी आणि छत्री तलाव त्याच अंगाला आहेत. नळाला पाणी येते ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, आणि ते गोडे आहे. उन्हाळा म्हणाल तर अकोल्याहून एखाददुसरा अंश कमी. त्याचा गर्व करण्यात अर्थ नाही.

इथल्या भाड्याच्या घरी मी संत्र्याचे झाड लावले. वरूड तालुक्यातले शेंदूरजना घाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांचे गाव. तिथून जंभेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम आणले. पाचव्या वर्षी त्याला अकरा फळे धरली. फळांपेक्षाही त्या झाडाने मला एक धडा दिला. संत्र्याला बहार यावा म्हणून त्याचे पाणी काही दिवस तोडावे लागते; त्याला ताण देणे म्हणतात. पाने किंचित कोमेजली की मग पाणी सोडावे, आणि झाड फुलांनी लदबदून जाते. जे सतत पाजले जाते ते नुसते पाल्याने वाढते. पालकांच्या सभेत मी हा दाखला दोनदा दिला आहे. मुलीला तो आवडलेला नाही!

याच संत्र्याच्या मुलखात दुसरी गोष्टही पाहिली. वरूड-मोर्शी म्हणजे विदर्भाचे कॅलिफोर्निया, अशी ख्याती. तिथे माती उत्तम, पाणी गोडे, माणसे कष्टाळू. बागवेड्याला याहून आदर्श जागा शोधून सापडू नये. पण बागांपायी बोअरवर बोअर झाले, पाणी शेकडो फूट खाली गेले, भूजलाचा उपसा मर्यादेबाहेर गेलेल्या तालुक्यांत वरूडचे नाव आले. दुष्काळी उन्हाळ्यात पंधरा-वीस वर्षांची फळती झाडे डोळ्यांदेखत वाळली आणि शेतकऱ्यांना ती मुळासकट काढावी लागली. एका बागेच्या बांधावर रचलेला संत्र्याच्या लाकडांचा ढीग मी पाहिला आहे. आईच्या वाक्याचा उत्तरार्ध मला तिथे सापडला. आज पाणी आहे एवढेच पाहून भागत नाही. ते कुणाचे आहे आणि उद्या राहील का, हेही पाहावे लागते.

छपराचा हिशेब

एवढे सगळे मनात घोळत असताना मेहुण्यांच्या फ्लॅटचा प्रश्न समोर होता. मी कागद घेतला आणि हिशेब मांडला. मराठीच्या प्राध्यापकाने आकडेमोड केली म्हणून पत्नीने शेजारच्या गणिताच्या सरांकडून ती तपासून घेतली. बरोबर निघाली.

अमरावतीस वर्षाला सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर, म्हणजे ३१-३२ इंच पाऊस पडतो. १,००० चौरस फुटांच्या छपरावर त्याचे ७४,००० लिटर पाणी होते. पहिल्या सरी सोडून द्याव्या, काही सांडले-उडाले धरावे, तरी ६०,००० लिटर हाती लागावे. आता बागेची गरज पाहू. वीस झाडे, प्रत्येकाला एक दिवसाआड पाच लिटर, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चार महिने: सारे मिळून ६,००० लिटर. दहा हजार लिटरची एक बंदिस्त टाकी जमिनीत बांधली की बागेचा उन्हाळा निघतो. उरलेले पाणी गाळून बोअरमध्ये सोडले की जमिनीचे देणेही थोडेफार फिटते. स्वयंपाकघराच्या बादलीचा तर मी हिशेबच धरलेला नाही.

म्हणजे कुणाच्याही गुंडातले पाणी न घेता वऱ्हाडात वीस झाडांची बाग होऊ शकते. गुलाबांचे बारा वाफे होणार नाहीत, हिरवळीचा गालिचा तर मुळीच नाही. एक संत्रे, एक लिंबू, एक शेवगा, गोडलिंब, पारिजातक, तगर, दोन मोगरे, कुंपणावर बोगनवेल, आणि आईची तुळस. मला तेवढे पुरे.

पुण्यास हे होणार नाही असे माझे म्हणणे नाही. पण तिथे छप्पर सगळ्यांचे, पाणी सोसायटीचे, माती पोत्यात विकत आणलेली, आणि मी स्वतः अजून बारा वर्षे इकडे. कुंड्यांना पाणी घालणारा एका गावी आणि कुंड्या दुसऱ्या गावी, असा तो संसार. शिवाय ज्या मातीने माझे वीस गुलाब मारून मला चार गोष्टी शिकवल्या, ती सोडून नव्या मातीची मुळाक्षरे पन्नाशीत पुन्हा गिरवायची माझी तयारी नाही.

गेल्या जुलैत परीक्षेच्या कामासाठी अकोल्यास गेलो होतो. पाय आपसूक जुन्या गल्लीकडे वळले. आमच्या घरापुढच्या त्या दोनशे चौरस फुटांवर आता फरशी बसवलेली आहे आणि तिच्यावर एक मोटार उभी असते. मला वाईट वाटले. रागवण्याचा अधिकार मात्र नव्हता. टोकाच्या घरी गेलो. काकू थकल्या आहेत, पण त्यांच्या भिंतीलगत मोगरा कमरेएवढा झाला आहे. त्यांनी मला पाहताच नातीला हाक मारली आणि मुळ्या फुटलेली एक फांदी कुंडीसकट माझ्या हाती दिली. "तुमचाच हाय, सर. सांभाळून ठेवला होता. आता सोताच्या जागेत लावजा."

ती कुंडी मांडीवर घेऊन मी अकोला ते अमरावती एस. टी. ने आलो. कंडक्टरने तिकीट मागितले नाही.

दसऱ्याला आम्ही प्लॉटचा विसार दिला. आईला दाखवायला नेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई काठी टेकीत चारी कोपरे फिरली. दिशा विचारली नाही, भाव विचारला नाही. तिने फक्त विचारले, "पागोळ्या कोणत्या बाजूनं पडतीन?" मी दाखवले. ती म्हणाली, "मंग तुळस तिकडं."

मुलगी म्हणते, "मी पुण्याला शिकायला जाणारच, वसतिगृहात राहीन. पण मोगऱ्याला पाणी घालायला विसरू नका, बाबा." मेहुण्यांना पत्नीने फोन करून कळवले. ते म्हणाले, "ठीक आहे. पण मे महिन्यात आम्ही येणार नाही!"

मी त्यांना सांगितले आहे, मे महिन्यातच या. मोगरा तेव्हाच फुलतो.